मॉरिशस : राज्य आपल्यांचं, जमीन कोणाची?

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. मॉरिशसवर इथे जे धागे आहेत ते बहुतेक हनिमून पॅकेज, शामारेलची सात रंगांची माती आणि 'व्हेज कुठे मिळेल' याचे. हा तसा नाही.

कामानिमित्त तिकडे गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी पोर्ट लुईहून साध्या बसने दक्षिणेकडे निघालो. दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात मधेच काळ्या दगडांचे रचून ठेवलेले मोठे ढीग. शेजारचे आजोबा भोजपुरीमिश्रित हिंदीत म्हणाले, हे आमच्या पणज्यांनी शेतातून वेचून रचलेत. पुढे बंद पडलेल्या साखर कारखान्याची चिमणी दिसली. तिच्याही पुढे गेट, पहारेकरी, आत गोल्फचं मैदान आणि व्हिला. जमीन कोणाची म्हणून विचारलं, तर आजोबा म्हणाले, "जिनकी थी, उन्हीं की."

माझा प्रश्न सरळ आहे. बेट फ्रेंचांकडून इंग्रजांनी १८१० साली घेतलं. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं. तेव्हापासून सत्तेत बहुतांशी भारतीय वंशाचे लोक. मग ऊसमळे अजून मूठभर फ्रेंच आडनावांकडे कसे? इंग्रजांनी फ्रेंचांना हाकललं नाही, आपल्यांनीही हात लावला नाही, असं का?

गणू_गिरगावकर

मी हनिमूनलाच गेलो होतो, त्यामुळे वसाहतवाद दिसला नाही. हॉटेलचं बिल मात्र अस्सल साम्राज्यवादी होतं.

(गंभीर लोक येईपर्यंत जागा धरून ठेवतो.)

उलटतपासणी

पहिल्या भागाचं उत्तर शरणागतीच्या तहात आहे. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोरच्या समुद्रात फ्रेंचांनी इंग्रजांना चांगलाच मार दिला. पॅरिसच्या विजय कमानीवर त्या लढाईचं नाव कोरलंय. पण डिसेंबरात इंग्रज मोठं सैन्य घेऊन परत आले आणि बेट पडलं. शरणागती घेताना त्यांनी रहिवाशांना लिहून दिलं की तुमचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता तशीच राहील. इंग्रजांना हवं होतं बंदर, भारताच्या वाटेवरचं. मळे कोण चालवतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून आजही तिथला दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेतून आलेला, न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि घरात क्रिओल (फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली). शेवटचं अपील कुठे, तर लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे. १९९२ ला प्रजासत्ताक झाले, राणी गेली, प्रिव्ही कौन्सिल राहिलं. आपण १९४९ मध्येच ते दार बंद केलं होतं.

सोनचाफा_क

वाचतेय. तांबडी_माती, त्या दगडांच्या ढिगांचे फोटो असतील तर टाका ना.

आकडेमोड

उलटतपासणी यांच्या प्रतिसादाला पैशाची पुरवणी जोडतो.

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर २ कोटी पौंड भरपाई दिली, त्यातले २० लाखांच्या वर मॉरिशसच्या वाट्याला आले. मिळाले कोणाला? मालकांना. साठ हजारांहून जास्त माणसं सुटली, त्यांच्या हातात एक पेनी पडली नाही. उलट 'शिकाऊ' म्हणून आणखी चार वर्षं त्याच मालकाकडे राबायचं. १८३९ ला तीही अट सुटली तेव्हा बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि किनाऱ्याला, डोंगरात जाऊन वस्त्या केल्या.

मालकांकडे आता रोख पैसा होता आणि मजूर नव्हते. म्हणून आपले लोक. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ जण कलकत्त्याहून उतरले आणि पुढच्या सातआठ दशकांत साधारण साडेचार लाख. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला कायदा होता. मॉरिशस कमर्शियल बँकही याच काळातली, १८३८ ची, आणि आजही बेटावरची एक मोठी बँक आहे.

म्हणजे एकाची गुलामी संपवताना मालकाला जे भांडवल मिळालं, त्यावर दुसऱ्याची वेठबिगारी उभी राहिली. जमीन त्या सगळ्यात हललीच नाही.

खडीसाखर

हे सगळं खरं, पण 'वेठबिगारी' शब्द जरा सैल वापरताय. करार संपल्यावर लोक परत येऊ शकत होते, साधारण तिसरा हिस्सा आलाही. गुलामाला ती सोय नव्हती. शिवाय १८८० नंतर मळेवाल्यांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे करून विकल्या आणि त्या कोणी घेतल्या? गिरमिटियांनीच (करारावर आलेल्या मजुरांनी), पै पै साठवून. आज जे छोटे ऊसवाले आहेत ते त्यांचे वंशज. म्हणजे जमीन अजिबात हलली नाही हे काही खरं नाही.

आकडेमोड

कडेकडेच्या, उताराच्या, दगडाच्या. सपाट, पाण्याची आणि कारखान्याजवळची स्वतःकडे ठेवूनच विकल्या. आणि ऊस पिकवला तरी गाळायला कुठे नेणार? त्याच मालकाच्या कारखान्यात.

उसाचं_चिपाड

हे वाचून राहवलं नाही. आम्ही सांगलीकडचे. आमच्याकडे १९५० नंतर शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून स्वतःचे कारखाने काढले (पहिला प्रवरानगरचा). ते पुढे कोणाच्या घशात गेले हा वेगळा धागा आहे, तिथे शिव्या द्यायला येईनच. पण मॉरिशसच्या छोट्या ऊसवाल्याला तेवढाही कारखाना मिळाला नाही? सभासद, सर्वसाधारण सभा, निवडणूक, काहीच नाही?

आकडेमोड

थोडंसं मिळालं. १९९४ मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला, त्यातून कामगार आणि छोट्या ऊसवाल्यांना कारखान्यांत २० टक्के हिस्सा. चेअरमनकी नाही, त्यामुळे आपल्यासारखी राजकारणाची शाळाही नाही.

वाक्वाची_वहिनी

नमस्कार. मी मूळची चिपळूणची, लग्न करून वाक्वाला आले. सासरचे इथले मराठी, पाचव्या पिढीचे. एरवी फक्त वाचते, पण हा धागा सोडवेना.

मुंबई बंदरातून आलेले लोक कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडे होते. त्यातले बरेच रत्नागिरीकडचे. आमचे 'हे' एकदा महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात गेले होते. तिथे इमिग्रेशनची जुनी रजिस्टरं आहेत. आल्याचा क्रमांक, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. पुढच्या काळातल्यांचे फोटोही आहेत, कारण कायद्याने प्रत्येकाला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागायचा. तो नसला की पोलीस धरायचे. आमच्या पणज्यांच्या नोंदीत जिल्हा वाचता आला, गाव नाही. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. बापाचं नाव तेच पुढे आडनाव झालं, म्हणून इथल्या मराठी माणसाच्या आडनावावरून मूळ गाव काही कळत नाही.

घरात क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकवतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, झाकरी होते (कोकणातली जाखडी हो!). सासूबाई सगळ्या आरत्या पाठ म्हणतात, पण मराठीत भाजीचा भाव विचारता येणार नाही त्यांना.

आता मूळ प्रश्नाचं. वर कोणी काढलं नाही ते काढते. तुम्ही सगळे 'भारतीय विरुद्ध फ्रेंच' असं बोलताय. पण ज्यांच्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त अन्याय झाला ते क्रिओल, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्यांचे वंशज, त्यांचं काय? सरकारी नोकऱ्यांत आपले जास्त, खासगी कंपन्यांच्या वरच्या जागांवर गोरे जास्त. क्रिओल माणूस मासेमारी, बांधकाम आणि हॉटेलात वाढपी. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा दंगली पेटल्या. आमचे हे तेव्हा कॉलेजात होते. म्हणतात, तोवर आम्हाला वाटायचं की इथे सगळे गुण्यागोविंदाने राहतात.

सोनचाफा_क

वहिनी, काय सुंदर लिहिलंत. स्वतंत्र लेख होईल. झाकरीवर तर नक्कीच लिहा.

उलटतपासणी

वाक्वाची_वहिनी यांनी मुद्द्याला हात घातला. तिथल्या राज्यघटनेत हे कोरून ठेवलंय. संसदेत ६२ जण निवडून येतात. शिवाय ८ पर्यंत जागा पडलेल्यांतून भरतात, कोणत्या समाजाला कमी जागा मिळाल्या ते बघून. समाज चारच : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'जनरल पॉप्युलेशन'. म्हणजे वागण्या-राहण्यावरून पहिल्या तिघांत न बसणारे उरलेले सगळे. आता गंमत बघा, मळ्याचा फ्रेंच मालक आणि त्याच मळ्यावरच्या गुलामाचा पणतू, दोघे एकाच रकान्यात!

आणि हिशोब कोणत्या जनगणनेचा? १९७२ चा. त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. काही उमेदवारांनी आम्ही समाज लिहिणार नाही म्हणून अर्ज भरले, ते बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेलं, २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ ला तेवढ्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. पद्धत आहे तिथेच आहे.

गणू_गिरगावकर

पडलेल्यांना आमदारकी? ही माहिती कृपया मुंबईत कोणाला सांगू नका.

बाकी स्वातंत्र्यापासूनचे पंतप्रधान मोजले. रामगुलाम वडील, जगन्नाथ वडील, रामगुलाम चिरंजीव, जगन्नाथ चिरंजीव, मग २०२४ ला परत रामगुलाम चिरंजीव. मधे दोन वर्षं एकटे पॉल बेरांजे. लोकशाही आपल्यासारखीच घरगुती आहे.

खडीसाखर

आणि ते बेरांजे फ्रेंच वंशाचे होते. २००३ ते २००५. लोकांनी चालवून घेतलं. म्हणजे इतकंही वाईट नाही.

पावसाळी_ढग

अवांतर : नोटांचा किस्सा कोणी सांगितला नाही. तिथल्या नोटांवर तमिळ आणि हिंदी दोन्ही असतात. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेलं. तमिळ लोक इतके पेटले की नोटा मागे घ्याव्या लागल्या. माझे एक तमिळ सहकारी अजूनही अभिमानाने सांगतात.

वाक्वाची_वहिनी

पावसाळी_ढग, हो. मराठी त्या नोटांवर नाहीच, त्यामुळे आम्हाला भांडायलाही जागा नाही :)

लाटकर

मी मर्चंट नेव्हीत होतो. तुम्ही जमिनीबद्दल बोलताय, मी अख्ख्या बेटांबद्दल बोलतो.

शागोस. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, इंग्रजांनी हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि त्याची वेगळी वसाहत केली. मोबदला ३० लाख पौंड. त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. तिथे खोबऱ्याच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी दीड-दोन हजार माणसं होती. १९६८ ते १९७३ मध्ये सगळी काढली. औषधोपचाराला मॉरिशसला आलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं. पुढे रसद कमी करत नेली, आणि शेवटी त्यांची कुत्री धुराने कोंडून मारली. शेवटची तुकडी १९७३ मध्ये 'नॉर्डव्हेअर' जहाजातून पोर्ट लुईला आली, तेव्हा लोक उतरायला तयार नव्हते. उतरून राहणार कुठे? मॉरिशसला १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड दिले गेले, ते त्या लोकांच्या हातात पडायला १९७७-७८ उजाडलं. रोश ब्वा, कासी, प्वांत-ओ-साब्ल या बाजूला अजून त्यांच्या वस्त्या आहेत.

बंदरात एक म्हातारे भेटायचे, गोदीत हमाली केलेले. ते बेटावरच्या नारळांबद्दल बोलायचे. राजकारणाबद्दल कधीच नाही.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की तोडणी बेकायदा होती. मे २०२५ मध्ये इंग्लंड आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या, सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत इंग्लंडकडे.

गणू_गिरगावकर

इमारतीचा मालक बदलला, खोलीत भाडेकरू तोच आणि तो बाहेर निघणार नाही. गिरगावात याला पागडी म्हणतात.

तिरकस_तानाजी

लाटकर, सगळं मान्य. आता अगालेगाबद्दलही लिहा की. मॉरिशसच्याच त्या चिमुकल्या बेटावर भारताने धावपट्टी आणि धक्का बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं. तिथल्या तीनेकशे रहिवाशांना धास्ती आहे की आपला दिएगो गार्सिया होईल. इंग्रज-अमेरिकनांनी केलं तर वसाहतवाद आणि आपण केलं तर मैत्री?

खडीसाखर

तुलनाच चुकीची. तिथून कोणाला हाकललं नाही, सार्वभौमत्व मॉरिशसचं आहे, दोन्ही सरकारं तळ नाही म्हणून सांगताहेत.

तिरकस_तानाजी

शागोसबद्दलही आधी बरंच काही सांगितलं जात होतं. मी एवढंच म्हणतो की धास्ती खोटी नाही. ज्या बेटाने एकदा हे पाहिलंय तिथल्या लोकांना कराराची प्रत दाखवायला काय हरकत आहे?

सोनचाफा_क

आता धाग्याचा काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसते.

संपादक_मंडळ

परराष्ट्र धोरणासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषय मॉरिशसमधली जमीन हा आहे.

तांबडी_माती

धन्यवाद संपादक. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. इंग्रजांनी फ्रेंचांना का ठेवलं ते कळलं. माझा अर्धा प्रश्न अजून लोंबकळतोय. १९६८ नंतर काय? आपल्याकडे कूळकायदा आला, कमाल जमीनधारणा आली, कशी का होईना. तिथे बहुमत असून कोणी प्रयत्नच केला नाही?

आकडेमोड

स्वातंत्र्यावेळी तिथल्या निर्यातीत साखर ९० टक्क्यांहून जास्त होती. सगळं बेट एका पिकावर. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात ४४ टक्के मतं पडली, आणि जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल होऊन ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. अशा वेळी शिवसागर रामगुलाम मळ्यांना हात लावते तर भांडवल दक्षिण आफ्रिकेत किंवा फ्रान्सला गेलं असतं, हे त्यांना दिसत होतं. म्हणून न लिहिलेला सौदा झाला. मळे तुमचे राहतील, साखरेच्या निर्यातीवर आम्ही कर घेऊ. त्या पैशावर दवाखाने फुकट चालले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. बसमधले ते आजोबा असतील, त्यांची मुलं त्याच शिक्षणावर वर आली असणार.

आणि सौदा टिकला कारण युरोप साखर चढ्या भावाने घ्यायचा. १९७५ पासून वर्षाला पाच लाख टनांचा कोटा होता. म्हणजे जुन्या मालकांनीच बांधलेली व्यवस्था, आणि त्यावर नव्या राज्याचं कल्याण. २००६ पासून युरोपने भाव ३६ टक्के खाली आणला, २००९ ला तो करारच संपवला. एकोणिसाव्या शतकात अडीचशेच्या वर कारखाने होते, ते आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे आहेत ते साखरेबरोबर चिपाडावर वीजही करतात.

मग मालकांनी काय केलं? २००२ मध्ये सरकारने योजना आणली की परदेशी माणसाने किमान पाच लाख डॉलरचा व्हिला घेतला की राहण्याचा परवाना. ऊस काढला, गोल्फ पेरलं. तामारां, बेल ओंब्र बघा.

उसाचं_चिपाड

आणि कामगार?

आकडेमोड

स्वेच्छानिवृत्ती. रोख रक्कम आणि घर बांधायला सात पर्च जागा. आपल्या हिशोबात जवळजवळ तीन गुंठे.

उसाचं_चिपाड

तीन गुंठे. पाच पिढ्यांना.

खडीसाखर

आमच्या मुंबईच्या गिरणी कामगाराला २२५ चौरस फुटांसाठी सोडत काढावी लागली. तीन गुंठ्यांना नावं ठेवू नका.

वाक्वाची_वहिनी

खडीसाखर, तुमचं पटलं आणि वाईटही वाटलं.

जमिनीवरून अजून एक. किनाऱ्यालगतची साधारण ८१ मीटरची पट्टी सरकारची आहे, फ्रेंचांच्या काळापासून. तोफा आणि पहाऱ्यासाठी राखलेली होती. विकता येत नाही, पण भाड्याने देता येते. त्यावर आधी गोऱ्यांचे बंगले आले आणि मग हॉटेलं. कायद्याने भरतीच्या रेषेपर्यंत वाळू सगळ्यांची, पण तिथे जायची वाट हॉटेलच्या मधून. म्हणून इथे शनिवार-रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर एवढी गर्दी असते, बिर्याणीची भांडी, रावान (तिथला डफ) वाजवणारी पोरं, सगळं त्या तेवढ्याशा तुकड्यात. आणि ही भाडेपट्ट्याची सही फ्रेंच मालक करत नाहीत, आपलेच मंत्री करतात. दरवेळी कुठला ना कुठला किनारा वाचवायला लोक उभे राहतात, त्यात क्रिओल, हिंदू, मुस्लिम सगळे असतात. निवडणुकीच्या यादीत मात्र परत चार रकाने.

तांबडी_माती, तुम्ही विचारलंत की आपल्यांनी हात का लावला नाही. घरात मी हाच प्रश्न विचारला होता. सासरे म्हणाले, "आम्हाला मळा नको होता, मुलाला मळ्यातून बाहेर काढायचं होतं." त्यांचा मुलगा आज बँकेत आहे. कोणत्या, ते आकडेमोड यांनी ओळखावं.

गणू_गिरगावकर

१८३८ ची!

वाक्वाची_वहिनी

:)

पावसाळी_ढग

मॉरिशसने २००९ मध्ये एक सत्य आणि न्याय आयोगही नेमला होता ना? गुलामगिरी आणि गिरमिट दोन्हींवर?

उलटतपासणी

हो, २०११ मध्ये अहवाल आला, चांगला जाडजूड. क्रिओल कुटुंबांच्या जमिनी कागदपत्रांच्या खेळात कशा गेल्या, याच्या शेकडो तक्रारी त्यांनी ऐकल्या. शिफारशी भरपूर. अंमलबजावणी त्यामानाने फारच थोडी. जमिनीचा प्रश्न न्यायालयात न्यायचा तर जुने फ्रेंच दस्त, मोजणीदार, नोटरी, वकील, आणि मुदतीचा कायदा : ३० वर्षं ताबा असला की मालकी पक्की. ज्याच्याकडे कुंपण घालायला पैसे होते त्याच्याच बाजूने तो कायदा जातो.

सोनचाफा_क

मी डिसेंबरमध्ये जाणार आहे (होय, पॅकेजवर, हसू नका). आप्रवासी घाट आणि ल मोर्न दोन्ही बघायचंय. काही सांगाल?

वाक्वाची_वहिनी

नक्की बघा. आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या, ज्यावरून आपले लोक चढले. पोर्ट लुईतच गुलामगिरीचं नवं संग्रहालयही आहे, जुन्या लष्करी रुग्णालयात. टूरवाले तिथे थांबत नाहीत, स्वतः जा. ल मोर्नला पळालेले गुलाम लपायचे, तो डोंगर चढायचा तर पहाटे निघा, डिसेंबरात ऊन फार. पायथ्याचा सार्वजनिक किनारा शोधा, हॉटेलच्या गेटाशी वाद घालत बसू नका. आणि वाक्वाला आलात तर जेवायलाच या. ढोलपुरी खाऊ घालते, ती आपली पुरणपोळी नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमचे चिरंजीव पहिल्यांदा चिपळूणला आले तेव्हा गूळ कुठाय म्हणून आजीने गोंधळ घातला होता.

गणू_गिरगावकर

निमंत्रण फक्त सोनचाफा यांनाच आहे की धाग्यावरच्या सगळ्यांना?